परक्या मैदानावरची उडी

घरच्या मैदानावर एक मीटरचा कोर्स न चुकता पार करणारा घोडा बाहेरच्या स्पर्धेत ७० सेंटिमीटरच्या साध्या पोलसमोर चारही पाय रोवून उभा राहतो. स्वार मानेवर येतो, कधी सरळ खाली जातो, आणि कठड्याबाहेरून कोणीतरी ओरडतं, "छडी लाव, माजलाय तो!" डिसेंबर-जानेवारीत, ऐन मोसमात, मुंबई-पुण्याच्या मैदानांवर हे दृश्य हमखास दिसतं. घोडा माजलेला नसतो, बुजलेला असतो. बहुतेक वेळा तो पोलला बुजलेलाही नसतो. पोलमागची फडफडणारी ताडपत्री, कोपऱ्यातला जनरेटर, परक्या मातीचा वास, शेजारच्या ठाणातला सोबती कुठेच न दिसणं, असं सगळं सकाळपासून त्याच्या अंगात साठत आलेलं असतं. उडीच्या क्षणी ते बाहेर पडतं इतकंच.

म्हणून या लेखातला सल्ला उडीच्या बऱ्याच आधीपासून सुरू होतो. नवी जागा आणि उडी हे घोड्यासाठी दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही एकाच वेळी विचारू नका. आधी जागा पचू द्या, मग उडी मागा. पुढे जे काही सांगितलं आहे ते याच एका गोष्टीसाठी आहे.

एखादी वस्तू एकदा ओळखीची झाली की ती कुठेही ठेवली तरी आपण ती ओळखतो. घोड्याचं तसं नसतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या एका प्रयोगात लहान मुलांचा घसरगुंडी-झोपाळ्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा घोड्यांच्या चांगला अंगवळणी पाडला. मग तोच सांगाडा नुसता ९० अंशांत फिरवून ठेवला, तर घोडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे दचकले. यावरून आपल्या कामाचं बरंच काही कळतं. तुमचा घोडा घरी जी उडी शिकलाय ती त्याच्या डोक्यात ‘गुलमोहराच्या कोपऱ्यातून डावीकडे वळल्यावर लागणारी, फाटकाच्या दिशेने जाणारी, निळ्या पोलची उडी’ अशी बसलेली असते. गुलमोहर गेला, फाटक दुसऱ्या बाजूला आलं, पोल लाल झाला, की त्याच्या दृष्टीने ती उडी उरतच नाही.

त्याचे डोळेही समजून घ्यायला हवेत. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला दिसतो. कडेचा हलणारा फ्लेक्स तुमच्या आधी त्याने टिपलेला असतो. पण कपाळाच्या अगदी पुढचा पट्टा त्याला दिसत नाही, आणि उडी घेण्याच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात पोल त्याच्या नजरेआड जातो. म्हणजे प्रत्येक उडी तो क्षणापूर्वीच्या आठवणीवर आणि तुमच्यावरच्या भरवशावर घेतो. रंगांपैकी निळा आणि पिवळा त्याला नीट कळतो, लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. हिरवळीवरचा लाल किंवा नारिंगी पोल आपल्याला ठसठशीत दिसतो, त्याला गवतात मिसळलेला. ब्रिटनमध्ये शर्यतींच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग याच कारणाने २०२२ पासून बदलून पांढरा केला जाऊ लागला. शिवाय उजेडातून सावलीत गेल्यावर नजर स्थिरावायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दुपारी स्टँडची सावली मैदानावर सरकते आणि सावलीच्या ऐन कडेवर एखादा ऑक्सर, म्हणजे दोन पोलची रुंद उडी, येतो, तेव्हा घोडा त्या उडीत जवळजवळ आंधळा शिरत असतो. कोर्स पायी फिरताना पोलची उंची बघायच्या आधी सावल्या बघा. आणि तुमचा वर्ग दोन तासांनी असेल, तर तोवर त्या कुठे पोचलेल्या असतील याचाही अंदाज घ्या.

आपल्याकडच्या घोड्यांची आणखी एक गोष्ट आहे. मुंबई-पुण्याच्या राइडिंग क्लबांतले बरेचसे घोडे शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. महालक्ष्मीला पळालेले, पुण्याच्या रेसकोर्सवर पळालेले. गाडीत चढणं, घाटातला प्रवास, माणसांची गर्दी, लाउडस्पीकर, सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे नव्या मालकाला वाटतं, याला परक्या जागेची चिंता नाही. पण त्या घोड्याला शर्यतीच्या दिवसांनी एक धडा पक्का शिकवलेला असतो: गर्दी दिसली, स्पीकर वाजला, पाठीवर खोगीर आलं, की जीव तोडून पळायचं. त्याच्या कानावर अनाउन्समेंट पडताच नाडी वाढते ती भीतीने नाही, तयारीने. अशा घोड्याला नव्या जागेची सवय लावायची म्हणजे हा जुना धडा पुसायचा. आणि तो पुसला जातो अशाच फेऱ्यांनी, ज्यात तिथे जाऊन काहीच होत नाही.

काही होत नाही म्हणजे खरोखर काही नाही. गाडीतून उतरवायचं, हेडकॉलर-दोर लावून हिंडवायचं, कडेला उभं राहून सुकं गवत खाऊ द्यायचं, परत गाडीत चढवून घरी आणायचं. खोगीर सोबत नेऊच नका, म्हणजे "आलोच आहोत तर जरा बसून बघू" हा मोह होणार नाही. पालकांना आणि मालकांना हे पैसे पाण्यात घालवल्यासारखं वाटतं, आणि गाडीभाड्याचा आकडा पाहता ते समजण्यासारखं आहे. तरीही सांगतो, स्पर्धेच्या प्रवेश फीपेक्षा या रिकाम्या फेरीचे पैसे जास्त कामाला येतात. शेजारच्या क्लबशी आधी बोलून ठेवा. शक्य असेल तर स्पर्धा नसलेल्या दिवशी एकदा आणि स्पर्धा चालू असताना, पण आपला प्रवेश नसताना, एकदा न्या.

गाडीतून उतरल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं फार मोलाची असतात. घोडा फळीवरून उतरतो, मान कमानीसारखी उंचावतो, नाकपुड्या फुलवून घुरघुरतो, कान एकाच दिशेला रोखतो. या वेळी बहुतेक जण दोर हनुवटीपाशी आवळून धरतात आणि त्याला लगेच ठाणात कोंबतात. दोर सैल ठेवा, पण सोडू नका. तो ज्याकडे बघतोय तिकडे त्याला बघू द्या. मान खाली आली, एक लांब सुस्कारा निघाला, जबडा हलू लागला, की चार पावलं पुढे. पुन्हा थबकला, पुन्हा थांबा. मैदानाच्या कडेने एक फेरी उजव्या हाताला, मग तीच फेरी उलटी. दोन्ही बाजू का, ते वरच्या प्रयोगावरून लक्षात आलंच असेल. जाताना एका बाजूने पाहिलेला मंडप येताना दुसऱ्या बाजूने नवा वाटू शकतो. सईस हाताळणार असेल तर त्यालाही हे नीट समजावून सांगा. घोड्याचा सगळ्यात जास्त वेळ त्याच्या सोबत जातो, आणि शांत सईस ही अर्धी तयारी असते.

कान मागे-पुढे फिरू लागले, शेपूट सैल झाली, घोडा खाली मान घालून जमिनीचा वास घेऊ लागला, गवत शांतपणे चावू लागला, तर जागा पचते आहे असं समजा. घास तोंडात धरून चावायचं थांबवून तो दूर बघत राहिला, सारखी पातळ लीद टाकू लागला, दर मिनिटाला खिंकाळून घरच्या सोबत्याला हाका मारू लागला, तर आज आणखी काही मागू नका.

सोबती शक्य असेल तर न्यावाच. अनुभवी, शांत, शक्यतो वयाने मोठा घोडा. डेन्मार्कमध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की न बुजणाऱ्या घोड्यासोबत भीतीचा सामना केलेले नवखे घोडे कमी घाबरले, आणि नंतर एकट्याने तीच गोष्ट पाहतानाही त्यांची भीती कमी राहिली. तिथल्याच आणखी एका अभ्यासात तरुण घोड्यांना भीतीदायक वस्तूची सवय वेगवेगळ्या पद्धतींनी लावून पाहिली. टप्प्याटप्प्याने, थोडं थोडं जवळ आणलेले सगळे घोडे शिकले. एकदम पूर्ण वस्तूला सामोरे केलेल्यांपैकी काही शिकलेच नाहीत. "एकदा घालू मैदानात, आपोआप होईल" हा आपल्याकडचा आवडता उपाय का फसतो, ते यातून दिसतं. वरातीतला घोडा बँडसमोर निश्चल उभा असतो त्याचा दाखला लोक देतात. त्यातल्या पुष्कळ घोड्यांनी भीती दाखवणं सोडून दिलेलं असतं, भीती गेलेली नसते. उडीला असा घोडा चालत नाही. तिथे त्याने स्वतः बघून, स्वतः अंदाज घेऊन पाय उचलायचे असतात.

बाहेर पडायच्या आधी घरी दोन कामं आहेत. पहिलं, दुखणं नाही ना याची खात्री. घोडा घरी उडतो आणि बाहेर अडतो म्हणजे कारण मनातलंच असेल असं नाही. घरी मऊ वाळू असते, बाहेर पावसाळ्यानंतर दगडासारखी झालेली जमीन. टापा किंवा सांधे थोडे दुखत असतील तर घरी ते झाकलं जातं आणि बाहेर पहिल्या दोन उड्यांनंतर उघडं पडतं. पाठ, दात, टापा डॉक्टरांकडून तपासून घ्या, खोगीर पाठीवर नीट बसतंय का ते जाणकाराकडून बघून घ्या. पावसाळ्यात कमी काम झालेल्या घोड्याची पाठ उतरते, आणि मे महिन्यात बसणारं खोगीर नोव्हेंबरमध्ये टोचतं. दुखणाऱ्या घोड्याला धीर देऊन उपयोग नसतो.

दुसरं काम म्हणजे घरचंच मैदान थोडं परकं करणं. याला खर्च नाही, कल्पकता लागते. पोल दर आठवड्याला नव्या जागी आणि नव्या दिशेला लावा. फाटकाकडे जाणाऱ्या उड्या सगळ्यांनाच सोप्या जातात, फाटकापासून दूर नेणाऱ्या जास्त ठेवा. कोणाच्या तरी कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स पोलखाली ताणून बांधा, कुंड्या ठेवा, जुन्या साड्या, झेंडूच्या माळा अडकवा. पिवळा रंग त्याला स्पष्ट दिसतो, त्यामुळे झेंडू चांगला. निळी ताडपत्री दोन बांबूंमध्ये पसरली की लिव्हरपूल, म्हणजे पोलखालच्या पाण्याचा अडथळा, तयार. फक्त ती आधी जमिनीवर, पोलशिवाय, चालत ओलांडायची. मग अर्धी दुमडून वर छोटा क्रॉस. मग पूर्ण उलगडून. ताडपत्रीचा कोपरा सुटा राहणार नाही याची काळजी घ्या. पायात अडकलेली ताडपत्री सहा महिन्यांची मेहनत एका क्षणात धुऊन काढते. एका वेळी एकच गोष्ट बदला. नवं फिलर लावलं तर उंची कमी करा. उंची वाढवली तर बाकी सगळं ओळखीचं ठेवा.

आवाजांची सवय लावायला पुण्याचे लोक नशीबवान आहेत. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालू असतात. आवाज लांबून, हलका ऐकू येईल अशा अंतरावर घोड्याला चालवा, चरू द्या, आणि दर खेपेला थोडं जवळ या. दिवाळीचे फटाके मात्र सरावात धरू नका. त्यांचा अंदाज येत नाही, धूर असतो, आणि तुमच्या हातात अंतर नसतं.

आता बाहेर उडी मागायची वेळ. घरी जेवढं सहज होतं त्यापेक्षा बाहेर २० ते ३० सेंटिमीटर खाली सुरुवात करा. घरी एक मीटर, तर बाहेर ७०-८०. हा नियम लहान मुलांपेक्षा मोठ्या स्वारांना जड जातो, कारण खालच्या वर्गात नाव दिलं की लोक काय म्हणतील हा प्रश्न छळतो. पण घोडा उंचीने फारसा घाबरत नाही, तो घाबरतो चुकांना जागा नसण्याला. ७० सेंटिमीटरवर तुमचं अंतर चुकलं, तुम्ही थोडे मागे राहिलात, तरी तो निभावून नेतो आणि पलीकडे उतरल्यावर त्याला कळतं की या परक्या जागेतही जमलं. हाच अनुभव त्याला पुढच्या खेपेला उपयोगी पडतो.

आदल्या दिवशी जमेल तसं पोचा. प्रवासात त्याला मान खाली घेता येईल इतका दोर सैल हवा. मान उंच बांधून लांबचा प्रवास केला तर श्वसनमार्गातला कफ बाहेर पडत नाही आणि ताप येण्याचा धोका असतो. पाणी घरचं न्या. बाहेरच्या पाण्याचा वास-चव वेगळी लागली तर घोडा तोंड लावत नाही. त्याला उपाय असा, की निघायच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवायचा आणि तीच चव बाहेरच्या पाण्याला द्यायची. स्पर्धेच्या दिवशी रिकाम्या पोटी काम नको. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं असेल तर पळताना ते वर उसळून जठराच्या नाजूक भागाला भाजतं. खोगीर चढवायच्या आधी दोन मुठी सुकं गवत दिलं तर पोटही शांत राहतं आणि चावता चावता घोडाही. चंदी नेहमीच्या वेळी, नेहमीएवढीच. स्पर्धा आहे म्हणून दाणा वाढवणारे लोक नंतर घोडा हाताबाहेर गेल्याची तक्रार करतात.

वॉर्मअपच्या मैदानात गर्दी असते आणि नवख्या घोड्याला तिथेच जास्त धास्ती बसते. समोरून कँटर करत येणारा घोडा त्याला अंगावर धावून येणारा वाटतो. शक्य असेल तर गर्दी ओसरल्यावर जा, समोरच्याला डावा हात डाव्या हाताला देत जा, आणि लाल झेंडी उजवीकडे, पांढरी डावीकडे ठेवूनच उडी घ्या. दहाएक उड्या पुरतात: दोन-तीन क्रॉस, दोन-तीन छोटे व्हर्टिकल, एक-दोन ऑक्सर, शेवटी एक सोपा व्हर्टिकल. वॉर्मअपमध्ये मुद्दाम मोठी उडी घेऊन "आता आतली छोटी वाटेल" असं समजणाऱ्यांचं गणित चुकतं. तेवढ्यात घोड्याचा उरलेला धीर तिथेच संपतो.

मैदानात तुम्ही कोर्स पायी फिरू शकता, घोडा नाही. घोड्याला मुद्दाम अडथळ्यासमोर उभं करून तो ‘दाखवणं’ नियमांना चालत नाही. पण फाटकातून आत आल्यापासून घंटा होईपर्यंतचा वेळ आणि घंटेनंतरचे ४५ सेकंद तुमचे असतात. हा वेळ बहुतेक जण सलाम ठोकून, गोल फिरून वाया घालवतात. कोर्स फिरताना ज्या दोन गोष्टी बिचकवतील असं वाटलं होतं, जसे परीक्षकांचा मंडप, स्पीकरचा खांब, फुलांनी मढवलेली वॉल, त्यांच्या शेजारून, थोडं अंतर ठेवून, घोड्याला सैल ट्रॉटमध्ये न्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे गेला, की अर्धं काम झालं.

जगातले सर्वोत्तम घोडेही यातून सुटत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, वैयक्तिक पात्रता फेरीच्या दहाव्या अडथळ्याशेजारी सुमो पैलवानाचा माणसाएवढा पुतळा ठेवला होता. वळण घेऊन आलेल्या घोड्याला आधी दिसायची ती त्याची भली मोठी पाठ. वर दिव्यांचा झोत. काही घोडे तिथे थबकले, आणि ते त्या पुतळ्याला बिचकले असावेत असं स्वारांनीच सांगितलं. जगभर फिरलेल्या घोड्यांची ही गत, तर आपल्या क्लबमधल्या सहा वर्षांच्या घोड्याला मंडपाची झालर खटकली यात त्याचा दोष काय?

परक्या जागी घोडा प्रत्यक्षात कसा अडतो ते एका डबलवर बघा. एका स्ट्राइडचं कॉम्बिनेशन साधारण ७.३ मीटरवर लावलेलं असतं. हिशेब असा: पहिल्या पोलनंतर सुमारे १.८ मीटरवर घोडा उतरतो, ३.६५ मीटरची एक कँटर स्ट्राइड घेतो, आणि पुढच्या पोलच्या १.८ मीटर अलीकडून उडतो. कोर्स फिरताना आपण ९० सेंटिमीटरची आठ पावलं मोजतो ती यासाठी. आता घोडा बिचकलेला आहे. पहिल्या पोलकडे येताना तो आखडतो, उडी उंच आणि आखूड घेतो, दीड मीटरवरच उतरतो. त्याची स्ट्राइड भीतीने ३.२ मीटरवर आलेली असते. बेरीज झाली ४.७. उरले २.६ मीटर. इतक्या लांबून उडायला धाडस लागतं, आणि ते तर त्याच्याकडे आज आधीच कमी आहे. मध्ये आणखी एक स्ट्राइड घालायला जागा नाही. तो थांबतो. कठड्याबाहेरच्या माणसाला वाटतं दुसऱ्या पोलला घाबरला. खरं दुखणं पहिल्या पोलच्या पाच स्ट्राइड आधी सुरू झालं होतं, कँटर आखडली तेव्हा. म्हणून परक्या जागी डबलकडे येताना तुमचं सगळं लक्ष कँटरच्या दमावर हवं. वळणातून बाहेर पडतानाच पाय लावून, सरळ रेषेत, खेळती कँटर मिळवा. वेग वाढवायचा नाही, दम वाढवायचा. आणि घरी सराव करताना कॉम्बिनेशन थोडं जवळ, ६.८-७ मीटरवर लावा. आत्मविश्वास आला की हळूहळू पूर्ण अंतरावर न्या.

शेवटच्या तीन स्ट्राइडमध्ये लगाम ओढू नका. घोडा अडथळ्याचा अंदाज घेण्यासाठी मान वर-खाली करतो. लांबचं बघायला वर, जवळचं बघायला खाली. तोंड आवळून धरलं तर तो बघू शकत नाही, आणि न बघता उडायला कोणताही शहाणा घोडा तयार होत नाही. पाय स्थिर, हात मऊ, नजर पोलच्या पलीकडे, पुढच्या वळणावर.

नजर महत्त्वाची आहे, कारण तुमची भीती त्याला कळते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या प्रयोगात लोकांना घोडा ठरावीक वाटेने अनेकदा न्यायला सांगितलं आणि शेवटच्या फेरीआधी सांगितलं, की या वेळी वाटेत अचानक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्यांना छत्रीची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. तेव्हा फाटकातून आत जायच्या आधी कँटरच्या तालात मोठ्याने श्वास सोडत राहा. बोलायची सवय असेल तर त्याच्याशी बोला, घरी जे बोलता तेच. उडी झाल्यावर मानेवर धपाधप थोपटण्यापेक्षा मान आणि पाठ जिथे जुळतात त्या उंचवट्यापाशी बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके कमी होतात हे फ्रान्समध्ये १९९३ साली नोंदलं गेलं आहे.

तरीही तो थांबला तर? आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पहिल्या थांब्याला चार गुण दंड आणि दुसऱ्याला बाद. पण गुणांचा विचार त्या क्षणी सोडून द्या. त्याला वळवून पळू देऊ नका, सरळ उभं ठेवा, दोन श्वास घ्या, मग शांतपणे वळवून पुन्हा या, या वेळी वळण मोठं आणि कँटर आधीपासून जिवंत. रनआउट झाला असेल तर ज्या बाजूला पळाला त्याच्या उलट बाजूने वळवा, आणि त्याच उलट बाजूचा लगाम थोडा उघडा ठेवून परत या. छडी ही इशारा देण्याची वस्तू आहे. राग काढायला ती वापरली की घोडा एवढंच शिकतो की या पोलपाशी मारही बसतो. एका प्रसंगात तीनपेक्षा जास्त वेळा छडी वापरणं, किंवा बाद झाल्यावर वापरणं, नियमांनीही गैर ठरवलं आहे. झेनोफॉनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवरच्या पुस्तकात हेच लिहून ठेवलं: भ्यालेल्या घोड्याला मारून पुढे घातलं तर तो आणखी भितो, कारण आता त्याला वाटतं की दुखणं त्या वस्तूमुळेच होतंय. एवढा जुना सल्ला अजून मैदानावर ओरडून सांगावा लागतो याचं वाईट वाटतं.

दुसऱ्यांदाही थांबला आणि तुम्ही बाद झालात, तर वॉर्मअपच्या मैदानात जा, ५० सेंटिमीटरचा क्रॉस लावून घ्या, ट्रॉटमध्ये दोनदा उडवा, खाली उतरा. तिथे मोठी उडी घेऊन हिशेब चुकता करायचा नाही. त्या दिवसाची त्याची शेवटची आठवण सोपी आणि जमलेली असावी. एका थांब्याने घोडा वाया जात नाही. फ्रान्सचा जापलू हा चणीने लहान घोडा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सगळ्या जगासमोर अडथळ्यापाशी थांबला. स्वार पिएर द्युरान खाली पडला आणि घोडा मैदानात एकटाच धावत सुटला. हीच जोडी १९८८ साली सोलला वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन आली.

घरी परतल्यावर दुसरा दिवस मोकळा ठेवा. मोकळ्या पॅडॉकमध्ये सोडा, खरारा करा, टापा आणि पाठ हाताने चाचपून गरम किंवा दुखरी नाही ना बघा. तिसऱ्या दिवशी उडीशिवाय साधी रपेट. एका वहीत लिहून ठेवा: गाडीतून उतरल्यावर किती वेळात मान खाली आली, पाणी कधी प्यायला, कुठे थबकला, कोणत्या बाजूने, त्या वेळी ऊन कुठून होतं. चार-पाच फेऱ्यांनंतर त्या वहीत तुमच्या घोड्याचा स्वभाव दिसू लागतो. एखाद्याला आवाज चालतो पण सावली चालत नाही. एखादा सोबत्याशिवाय पाणीच पीत नाही.

आणि एखाद्या परक्या मैदानावर त्याने पहिला स्वच्छ राउंड दिला, की लगेच पुढच्या महिन्यासाठी वरच्या वर्गात नाव घालू नका. तीच उंची आणखी दोन वेगळ्या मैदानांवर घ्या, शक्यतो एक दिव्यांखाली आणि एक गवतावर. या दोन्ही ठिकाणी मान लवकर खाली आली, तर त्यानंतर घरी दहा सेंटिमीटर वाढवा, आणि बाहेर त्याच्या पुढच्या खेपेला.